लेखकाच्या रकान्यात

ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक कसं शोधावं, हे मी घाटावरच्या कॉलेजात दरवर्षी मुलांना शिकवते. माझं पालुपद ठरलेलं आहे. दिसेल त्या चौकटीत सुचेल तो शब्द टाकू नका. आधी रकाना निवडा. लेखक ठाऊक असेल तर लेखकाच्या रकान्यात शोधा, विषय ठाऊक असेल तर विषयाच्या, आणि विषयाला त्या शास्त्राचाच शब्द द्या. ‘झाडपाला’ म्हणालात तर बागकामापासून बालकवितांपर्यंत सगळं अंगावर येईल. ‘वनौषधी’ म्हणालात तर कामाचं तेवढंच. हे सांगताना माझा आवाज जरा चढतो. मुलं मागे माझी नक्कल करतात, तेही मला माहीत आहे.

गेल्या मे महिन्यात मसुऱ्याच्या बाजूला माहेरी गेले होते. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, गावठी औषधांचं, आणि पदरमोड करून छापलं. आई गेल्यावर त्याची एक प्रत त्यांनी वाचनालयाला दिली होती. आता वाचनालयाची यादी कंप्युटरवर आली असं त्यांनी ऐकलं आणि माझ्यामागे लागले. त्यांना हल्ली वर्तमानपत्रही धड दिसत नाही, पण पडद्यावर आपलं नाव मोठं करून वाचता येईल, एवढीच त्यांची आस होती.

वाचनालयातली मुलगी नवीनच लागलेली. मी तिला बाजूला सरकवून स्वतःच बसले. लेखकाच्या रकान्यात बाबांचं नाव टाकलं. काहीच आलं नाही. पुन्हा टाकलं, ऱ्हस्व-दीर्घ बदलून टाकलं, तरी तेच.

“गावला काय गो?” बाबांनी विचारलं.

पेपर वाचणारे दोघे-तिघे मान वर करून बघायला लागले. बाबा खुर्चीत टेकले आणि काठीशी चाळा करू लागले. मला ते बघवेना, मग मी त्या मुलीवर घसरले. गुरुजींनी स्वतः आणून दिलेलं पुस्तक तुम्ही हरवता कसं, नोंदी करता की पाट्या टाकता, असं बरंच काही बोलले. ती गोरीमोरी होऊन उभी होती.

सरळ पुस्तकाचं नाव टाकलं असतं तरी चाललं असतं, पण मला विद्या पाजळायची होती. विषयाच्या रकान्यात ‘वनौषधी’ टाकलं. एकच नोंद आली. पुस्तक बाबांचंच होतं. लेखकाच्या रकान्यात मात्र आईचं नाव होतं.

मुलीने धावत जाऊन पुस्तक आणलं, तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावाने देवळाला पंखा देतात, शाळेला बाक देतात, तसंच वाचनालयाला पुस्तक. आत चिठ्ठी चिकटवतात. पुस्तक बाइंडिंगला गेलं, त्यात कव्हर आणि पहिलं पान गेलं. पाठीवर बाइंडरने लिहिलेलं पुस्तकाचं नाव उरलं आणि आत ‘स्मरणार्थ’ म्हणून आईच्या नावाची चिठ्ठी. पोरीने त्यावरून नोंद केली होती.

मला हसू आलं. आई चौथी शिकलेली. आणि मग ते हसू गिळावं लागलं.

कारण त्या पुस्तकातलं एकूण एक औषध आईचं होतं. कावीळ, मुतखडा, पोरांचा खोकला, सगळ्यासाठी गाव तिच्याकडे यायचं. आमच्याकडे औषध देणारा माणूस झाडाचं नाव सांगत नाही. पाला ओळखू येऊ नये म्हणून वाटूनच देतो. “सांगितला की हाताचो गुण जाता,” असं आई म्हणायची. तरी बाबांनी एक पावसाळाभर विचारलं, आणि पाट्यावर वाटता वाटता तिने त्यांना सगळं सांगितलं. पुस्तक आलं आणि आईने औषध देणं थांबवलं. पिवळ्या डोळ्यांचं पोर घेऊन कोणी दारात आलं की म्हणायची, “पुस्तकात आसा, बघा.” आम्ही घरात चेष्टा करायचो, पुस्तकाने आईला पेन्शनीत काढलं म्हणून. तीही हसायची.

“सॉरी मॅडम, लगेच दुरुस्त करते,” मुलगी म्हणाली आणि एकेक रकाना मोठ्याने वाचू लागली. “शीर्षक बरोबर आहे. लेखक?” मी बाबांचं नाव सांगितलं. “सहलेखक कोणी?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. पडद्याकडे नाही, माझ्याकडे.

“नाही,” मी म्हटलं. “कोणी नाही.”

बाबांच्या आनंदावर विरजण पडेल म्हणून तसं म्हटलं, असं मी स्वतःला सांगून बघते. पण खरं ते नाही. एवढा आरडाओरडा केल्यावर, पोरीची चूक अर्धी तरी बरोबर होती असं त्या चारचौघांत म्हणायची मला लाज वाटली. त्या लाजेची लाज आता वाटते, आणि ती जात नाही.

बाबांनी पडद्यावर आपलं नाव बोटाने वाचलं.  परतताना रिक्षात मी न विचारताच ते म्हणाले, “तिकाच नाव नको होता.”

“तुम्ही इचारलात तिका?”

“नाय,” बाबा म्हणाले. “तू तरी खंय इचारलंस?”

घरी आल्यावर बाबा आडवे झाले. वाचनालयाची यादी फोनवरही उघडते. मी ओसरीवर बसून लेखकाचा रकाना निवडला आणि आईचं नाव टाकलं. रकाना बरोबर होता, नावही बरोबर होतं. एकही नोंद सापडली नाही.