बास्सूची पाठ

खेचरावर काय कसं लादायचं ते बास्सूनं सांगावं आणि डोंगरानं ऐकावं. एका नवरीचं आरशाचं कपाट त्यानं तडा न जाता घाटापलीकडे पोचवलं होतं. पण स्वतःची लेक उचलायची म्हटली की गडी दोन पावलं मागे सरे. तूदा जन्मली तेव्हा हा वाटांवर, पुढे उन्हाळाभर वाटांवरच. बर्फ पडल्यावर घरी आला, तर पोरीनं याला बघून असा टाहो फोडला की बिचारा दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

त्यात इत्तो, त्याची बायको, अंगणात घसरली नि मनगट मोडून बसली. तूदाला आईच्या पाठीवरच झोपायची सवय. चटईवर ठेवली की डोळे टक्क उघडे आणि भोंगा चालू.

"तूच बांध तिला," इत्तो म्हणाली.

"मी? बायकांसारखी शाल गुंडाळून?"

"मग खेचराला विचारू का?"

बास्सूनं बांधली. अगदी खेचराची गाठ मारून! पोर एका कुशीला कलली, लाल झाली. आवाज ऐकून शेजारची हद्दा मावशी आली आणि हसून हसून भिंतीला टेकली.

"अरे दादा, लेक आहे ती, मिठाचं पोतं नव्हे! गुडघे वर घे तिचे, बेडकासारखे. गाल पाठीला टेकू दे."

मावशीनं नीट बांधून दिली. बास्सू अंगणात फेऱ्या मारू लागला. रडं थांबेना.

"तुझ्या पाठीवर कधी झोपायची गं ही?" मावशीनं विचारलं.

इत्तोनं नवऱ्याकडे बघायचं टाळलं. "कणीक तिंबताना."

गावात कुठल्या पुरुषानं परातीला हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बास्सूनं आधी दाराला कडी घातली. मग गुडघ्यांवर बसला नि तिंबू लागला. पाठ खाली, पाठ वर. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांचं गुणगुणणं, आणि मग खांद्यांच्या मधोमध एक ऊबदार ओझं सैलावलं. एवढी ओझी वाहिली, पण असं विश्वासानं जड झालेलं एकही नव्हतं. थांबायचा धीर होईना. रोट्या चामड्यासारख्या झाल्या. इत्तोनं एकूण एक खाल्ल्या.

कडीचा उपयोग शून्य. मावशीच्या तोंडाला कुठली कडी? बास्सू रोज परातीशी बसतो, हे आठवड्याच्या बाजारापर्यंत पोचलं.

इत्तोचं प्लास्टर निघालं त्या बाजारी ती तूदाला कडेवर घेऊन, शाल खांद्यावर टाकून निघाली, बास्सू खेचर धरून पुढे. न्हावी अद्दी टपूनच होता.

"काय बास्सू, शाल घरी विसरलास? की आज कणकेला सुट्टी?"

चौकात हशा पिकला. बास्सूची मान खाली गेली. तेवढ्यात तूदा पेंगुळली, किरकिरली आणि आईच्या कडेवरून दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावली.

बास्सूनं लगाम अद्दीच्याच हातात दिला. "धर जरा." मग भर चौकात पाठ फिरवून तो खाली वाकला. "दे इकडे," तो इत्तोला म्हणाला, "आणि गाठ नीट मार."