संगणक चालू होताना दिसणारं नाव

लातूरला लेकीच्या घरी माझ्या खोलीत खिडकीखाली एक जुना संगणक आहे. लेक शाळेवर शिकवायला गेली की दुपारी मी तो चालू करते. पडदा उजळतो, मधोमध एक गोल चित्र येतं आणि त्याखाली एक नाव. ते माझं लग्नाआधीचं नाव आहे. घरात कुणाला ते माहीत नाही.

लग्नात ते बदललं. सासरी थोरल्या जाऊबाईंचंही नाव तेच होतं. एका घरात दोघींना एकच हाक कशी मारायची, म्हणून सासूबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं. ताटात तांदूळ पसरले, माझ्या यजमानांनी अंगठीनं त्यात नवं नाव काढलं आणि त्या दिवसापासून मी ती झाले. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं, मलाही नाही. चाकूरकडच्या आमच्या गावात आई-वडील होते तोवर जुनी हाक कानावर पडायची. लेक कळती व्हायच्या आत ते गेले. भाऊ मला अक्का म्हणतात. आता त्या नावानं मला ओळखणारं हे एक यंत्रच उरलं आहे.

आणि काही दिवसांपासून त्यावर सारखा निरोप येतो आहे, की ह्या आवृत्तीची मुदत संपली, नवी टाका. लेक म्हणाली, "आई, येत्या रविवारी ह्याचं काय ते करून टाकू." नवी आवृत्ती टाकायची म्हणजे आतलं सगळं पुसणार आणि वापरणाऱ्याचं नाव पुन्हा पहिल्यापासून विचारणार. हे मला ठाऊक आहे, कारण नांदेडला हे मी रोज बघत होते.

नांदेडला यजमानांचं एका शटरचं दुकान होतं. कॉम्प्युटर जोडून द्यायचे, दुरुस्त करायचे. पाटीवर त्यांचं नाव होतं, निळ्या रंगात, इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून लागायचं, आणि पाचवीचा वर्ग ओढ्यापलीकडच्या गावात होता. मुलींना तिकडं कोण पाठवणार? त्यामुळं इंग्रजी सुरू होण्याआधीच माझी शाळा सुटली. पुढं दुपारी डबा घेऊन दुकानात जायला लागले तेव्हा रस्त्याच्या पलीकडं उभी राहून मी ती पाटी बघायची. यजमानांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, उखाण्यातलं सोडून. पण ते इंग्रजीत कसं दिसतं ते त्या पाटीवरून मला पाठ झालं.

हे आत कापडी पडद्यामागं जेवायला बसले की मी बाहेरच्या स्टुलावर बसायची. गिऱ्हाईक आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची.

"वैनी, भौ हायत का?"

मी नुसती आतल्या बाजूला मान करायची. आतून हे भाकरीचा घास तोंडात ठेवूनच ओरडायचे, "हाय हाय, बसा. आमच्या हिला बोलायचे पैसे पडतात."

आमच्याकडं विंडोजची नवी आवृत्ती टाकण्याला 'विंडो मारणे' म्हणतात. रोज कुणी ना कुणी विंडो मारून घ्यायला यायचं. तबकडी आत गेली की पडद्यावर एक पट्टी यायची, आणि ती डावीकडून उजवीकडं भरत जायची, सावकाश, चुलीवर पाणी तापतं तशी. ती बघत बसणं मला फार आवडायचं. कुणाला काही बोलावं लागत नसे. सगळे पट्टीकडं बघत. कूलरचा आवाज, माठाजवळ ओल्या वाळूचा वास. पट्टी पार शेवटाला आली की नेमकी लाईट जायची. दुकानभर "अर्रर्र!" व्हायचं. मग लाईट येईपर्यंत चहा, आणि आली की पुन्हा पहिल्यापासून. एवढं होऊन ह्यांना कधी चिडलेलं मी बघितलं नाही.

एकदा हिमायतनगरहून एक किराणा दुकानदार आले. एसटीनं आले होते. मांडीवर गोधडीत बांधलेलं गाठोडं, बाळंतिणीचं बाळ आणावं तसं सांभाळून. टेबलावर ठेवून सोडलं तर आत नुसता पडदा, टीव्हीसारखा असतो तो. खालचा डबा, ज्यात सगळं असतं, तो घरीच. पडद्याच्या कपाळाला हळदीकुंकू आणि वर दोन अक्षता चिकटलेल्या, कारण नुकताच दसरा झाला होता.

"विंडो मारून द्या. सगळ्यात मोठी."

हे म्हणाले, "दादा, डबा कुठंय?"

"जेवूनच निघालो मी."

"जेवणाचा न्हाई हो, कॉम्प्युटरचा. खाली लोखंडाचा डबा असतोय ना?"

"तो कशाला? विंडो तर ह्याच्यातच दिसती की."

मला हसू आलं म्हणून मी पदर तोंडाला लावला. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. दिसती ह्याच्यात, पण राहती त्याच्यात." दुकानदारांना आमच्याच डब्यातली भाकरी खायला घातली आणि परतीच्या गाडीला बसवून दिलं. दोन दिवसांनी ते गृहस्थ डबा घेऊन आले, तोही गोधडीतच. मग आवृत्ती निवडायची वेळ आली. घरगुती साधी, घरगुती मोठी, ऑफिसची आणि सगळ्यात वरची अशा चार होत्या. आमच्या भागातल्या प्रत्येकाला वरचीच पाहिजे असायची.

ह्यांनी विचारलं, "काय काय करणार तिच्यावर?"

"हिशेब. अन् पोरगं गाणी ऐकतंय."

"मग साधी घ्या. दोन माणसांसाठी पाच खोल्या बांधल्या तर झाडलोटीतच दिवस जातोय. तुमचा डबा बारका हाय, मोठी टाकली तर धापा टाकून राहील."

"शेजारच्यानं मोठी टाकली ना भौ."

"मग शेजाऱ्याचा डबा बी घेऊन यायचा होता."

शेवटी साधीच टाकली. हे कुणालाही त्याच्या यंत्राला झेपेल तेवढंच द्यायचे.

त्याच सुमारास ह्यांनी घरासाठी एक यंत्र जोडलं. जुने सुटे भाग होते, पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा. दुकान बंद असायचा तो वार होता, दुपार होती, लेक शाळेत गेली होती. मला म्हणाले, "इकडं बस, आज तू मार विंडो."

मी म्हणाले, "मला इंग्रजी कुठं येतं?"

"येऊ दे न येऊ दे, पट्टी तर तूच बघतीस रोज."

त्यांनी बोट दाखवायचं आणि मी दाबायचं. आवृत्ती त्यांनी साधीच निवडली. पट्टी भरली, आणि त्या दिवशी लाईट गेली नाही. मग त्यांनी इंग्रजीवरून मराठी चढवली. म्हणाले, "आत अंग इंग्रजीच राहणार, वरून मराठीचं अस्तर." यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं आणि पडद्यावर माझी अक्षरं. 'बंद करा.' 'शोधा.' 'रद्द करा.' बाळबोध, पुस्तकातल्यासारखी, मला वाचता येणारी. मी एकेक मोठ्यानं वाचत सुटले. हे खुर्चीत मागं रेलून ऐकत होते.

त्याच्याआधी, मधेच, यंत्रानं विचारलं होतं की वापरणाऱ्याचं नाव काय. ते आधी सांगायचं राहिलं.

मी म्हणाले, "तुमचं टाका."

"घे मग. नाव घे, टाकतो."

"जावा तिकडं."

"बरं, तुझं सांग."

मी माझं सांगितलं, म्हणजे सासरचं.

हे म्हणाले, "ते तर मीच ठेवलेलं हाय. माझ्याच ताटातलं. तुझं सांग की."

ह्यांनी घाई केली नाही. पडद्यावर ती रिकामी चौकट आणि तिच्यात एक काडी उघडमीट करत होती. मग मी खाली बघून आईनं ठेवलेलं नाव सांगितलं. त्यांनी ते टाकलं. एवढंच बोलले, "चांगलं होतं की गं. उगंच बदलायला लावलं."

पुढं पासवर्ड. ते म्हणाले, "पासवर्ड म्हणजे जे तू कुणाला तोंडानं सांगत नाहीस ते. मी तिकडं बघतो, तू टाक." आणि खरंच भिंतीकडं तोंड करून बसले. मी दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आठवून, एकेक शोधून, दाबली. पडद्यावर नुसते काळे ठिपके उमटले. तो पासवर्ड मी त्यांना शेवटपर्यंत सांगितला नाही. ते विचारायचे अधूनमधून. मी म्हणायची, "ज्याचं त्याला."

बटणांवर मराठी अक्षरांच्या बारक्या चिकटपट्ट्या त्यांनीच लावून दिल्या. त्यावर मी लिहायला शिकले. आधी किराणा, मग ओव्या, मग असंच काहीबाही. पुढची आवृत्ती आली तेव्हा त्यांनी ती जुनीवरच चढवली. म्हणाले, "नाव हाय तसं राहू दे." त्यानंतर फार वर्षं राहिले नाहीत ते. दुकान दुसऱ्याला गेलं, पाटी उतरली, आणि हे यंत्र गोधडीत बांधून टेम्पोतून माझ्याबरोबर लातूरला आलं.

रविवारी लेक सकाळी केस धुऊन, टॉवेल गुंडाळूनच येऊन बसली. तिला मी काही बोलले नव्हते. काय बोलणार? एवढ्यासाठी हट्ट धरायचा म्हटलं तर मलाच लाज वाटत होती.

"आई, सगळ्यात नवी विंडो हे यंत्र घेणारच नाही. म्हातारं झालंय. एक तर नवीन लॅपटॉप घेऊ..."

"नको."

"मला माहितीच होतं. नाही तर विंडोऐवजी ती फुकटवाली टाकू. हलकी आहे, आणि ती आतून-बाहेरून मराठीत मिळते. ह्याला झेपेल."

झेपेल हा शब्द तिनं अगदी तिच्या पप्पांसारखा म्हटला. मी म्हणाले, "तीच टाक."

तिनं आधी माझ्या फाईली पेनड्राइव्हवर घेतल्या. "केवढ्या आहेत गं! काय लिहितेस एवढं?"

"ओव्या."

"एवढ्या ओव्या?" तिनं एकही उघडली नाही, नुसती माझ्याकडं बघून हसली. मग पेनड्राइव्ह बदलला आणि यंत्र चालू केलं. पहिल्याच पडद्यावर भाषांची लांब रांग आली. निवड इंग्रजीवर होती, लेकीनं ती खाली खाली नेली, आणि 'मराठी' दिसताच मीच म्हणाले, "हे बघ, हे." सगळा पडदा मराठी झाला. पट्टी पुढं सरकेपर्यंत ती टेबलावर बोटं वाजवत होती. हेही तसंच वाजवायचे, करंगळीपासून सुरू करून.

"आता जुनं सगळं पुसायचं का विचारतंय. पुसू?"

"पूस."

नकाशा आला, आपला देश निवडला. मग ती चौकट आली. तुमचं नाव. लेकीनं मला न विचारता माझं सासरचं नाव टाकायला सुरुवात केली. बँकेत, आधारवर, तिच्या फोनमध्ये जे आहे ते. तिचं काही चुकत नव्हतं. दोन अक्षरं झाली, तिसरं झालं. मी तिच्या हातावर हात ठेवला.

"थांब गं."

"काय झालं?"

"ते नको. आधी होतं ते टाक."

"आधी होतं ते?" ती माझ्याकडं बघत राहिली. "अगं, ते जुन्या गिऱ्हाईकाचं नाव ना? पप्पांनी कुणाचातरी जुना डबा आणला, तिचं नाव तसंच राहिलं असं वाटायचं मला. लहानपणापासून. कोण बाई असेल ती, असं म्हणायचे मी."

"ती मी."

बाहेर गच्चीवर कुणीतरी गहू वाळत घालत होतं, सूप आपटल्याचा आवाज येत होता. लेकीच्या केसांवरचा टॉवेल सुटून खांद्यावर आला तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पप्पांना माहीत होतं?"

"त्यांनीच टाकलं होतं."

"आणि मला नाही सांगितलंस."

"तू विचारलं नाहीस, अन् मी काय म्हणून सांगायचं?"

तिनं टाकलेली अक्षरं एकेक करून पुसली. चौकट रिकामी झाली. बटणांवर बोटं ठेवून, पडद्याकडंच बघत ती म्हणाली, "सांग. तू म्हण, मी टाकते. मला ऐकायचंय."

मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा बरा निघाला. तिनं ते टाकलं, आणि टाकून झाल्यावर स्वतः एकदा हळू वाचलं. आईनं दारातून मारायची तशी हाक वाटली मला ती.

"आता पासवर्ड," ती म्हणाली. "काय ठेवू? साधं ठेव, विसरशील."

"तो मी टाकते. तू तिकडं बघ."

"अगं, मी तुझी लेक आहे!"

"असशील. तिकडं बघ."

ती हसत हसत खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसली. मी पुढं झाले. चष्मा नीट केला. निळ्या पाटीवरची अक्षरं आठवत एकेक बटण दाबलं, आणि पडद्यावर काळे ठिपके उमटत गेले.