भावजींनी न मारलेली फुली

"दादा, ही फुली कुणी मारली?"

"तूच मारलीस. दुसरं कोण मारणार?"

"मी नाही मारली."

"अरे, जेवायला जायच्या आधी मारलीस. विसरला असशील."

"मारायची राहिली, हे जेवताना आठवलं मला. म्हणून तर लवकर उठून आलो."

यावर आमचे हे काहीच बोलले नाहीत. मी भिंतीच्या अलीकडे भांडी घासत होते. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत, तिला वर जाळीची खिडकी. तिकडचं सगळं इकडे ऐकू यायचं, ऐकायचं नसलं तरी. नवरा असा गप्प बसला की त्याची चोरी सापडलेली असते, एवढं मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी नळ बंद केला. त्या चोरीत माझाही वाटा होता.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "दिवसभर दुसऱ्यांच्या कुरकुरी ऐकतो, घरी आणखी एक कशाला?" गाडीच्या इंजिनाचं दुखणं ते कानाने ओळखायचे. लांब पेचकस घ्यायचे, टोक चालू इंजिनाच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर छाती तपासतो तसं पेचकस इकडून तिकडे सरकवायचे. मग प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघायचे. ज्या वायरीला ठोका मंदावला, त्या सिलिंडरच्या घरात दुखणं. सापडलं की खडूने तिथे फुली. आमच्या गॅरेजचा नियम असा, की फुली भावजींनी मारायची आणि आमच्या यांनी तेवढंच उघडायचं. फुलीबाहेरच्या नटाला पाना लावायचा नाही.

लोक त्यांना कानसेन म्हणायचे. "कानसेन, गाडी थंड असताना टकटक करते, तापली की गप्प होते," असं एक टॅक्सीवाला सांगत आला, तर भावजी म्हणाले, "म्हणजे तुमच्या अगदी उलट." टॅक्सीवाला स्वतःच हसला. टॅपेट सैल होतं, तासाभरात गाडी घेऊन गेला.

भावजी साठीला आले तेव्हाची गोष्ट. दुपारी भावजी चुलीशेजारी पेपर वाचत बसले होते आणि किटली शिट्टी मारून मारून दमली होती. मी मागल्या अंगणातून धावत आले.

"भावजी, किटली ओरडतेय की."

त्यांनी किटलीकडे बघितलं. वाफेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"वहिनी, बारीक आवाज येत नाहीत हल्ली. जाड येतात. दादाला सांगू नका."

"नाही सांगत."

"शपथ घालत नाही. तुमचा शब्द पुरे आहे."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाला त्या घरात दुसऱ्या कुणी कधी भाव दिला नव्हता, त्यामुळे मला जरा मोठंच झाल्यासारखं वाटलं.

पुढच्याच महिन्यात तोच टॅक्सीवाला गाडी घेऊन आला. भावजींनी ऐकलं आणि खाली, इंजिनाच्या पोटावर फुली मारली. आमच्या यांनी दोन दिवस खपून पोट उघडलं. आत सगळं ठणठणीत. सगळं परत जोडल्यावर आवाज होताच. मग यांनी पुढचा पट्टा काढून इंजिन जरासं चालू केलं, आणि आवाज नाहीसा. म्हणजे दुखणं इंजिनात नव्हतंच. पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, त्याचं बेअरिंग कुंई करत होतं, बाहेरच्या बाहेर. भावजी म्हणाले, "तेल हलकं भरलं असेल, म्हणून आवाज फसवा आला." टॅक्सीवाला फक्त एवढंच म्हणाला, "कानसेन, माझ्या मेल्या गाडीचं शवविच्छेदन झालं, आता जिवंत करून द्या."

आमचे हे दोन दिवस ताटावरून अर्धपोटी उठत होते. "ह्याला झालंय काय?" एवढंच घोकत. तिसऱ्या दिवशी मी सांगून टाकलं. मला वाटलं, भावाला हाताला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेतील.

यांनी सोपा मार्ग काढला. सोपा म्हणजे त्यांना सोपा. "त्याच्या तोंडावर कसं सांगू? तो त्या कानावरच उभा आहे. तू असं कर, त्याला जेवायला अर्धा तास जास्त बसव."

मग रोजचं ठरून गेलं. टॅक्सीपासून भावजी आधी पट्ट्याकडचंच ऐकायचे. तिथे चार चाकं एका पट्ट्यावर फिरतात, वीत-वीतभर अंतराने. ते फुली मारून जेवायला यायचे. इकडे मी आग्रह करकरून वाढायची, शेजारणीच्या सुनेच्या गोष्टी लांबवायची. तिकडे आमचे हे पट्टा काढून, चाकं हाताने हलवून खरं दुखणं शोधायचे, फुली चुकली असेल तर फडक्याने पुसायचे आणि वीतभर पलीकडे दुसरी मारायचे. भावजींना शंका यायचीच. "मी डायनामोवर मारली होती ना?" हे म्हणायचे, "छे, पंपावरच मारलीस. सापडलं बघ तिथेच." दिवसाला आठ-दहा गाड्या, कुणाला नक्की आठवणार? आणि माणसाला बरं वाटणारं लगेच पटतं.

अशी तीन वर्षं गेली. एकदा जेवता जेवता भावजी मला हळूच म्हणाले, "वहिनी, कान सुधारला बरं का. टॅक्सीनंतर एक फुली चुकली नाही. तुम्ही दादाला सांगितलं नाहीत ते बरं केलंत."

मी मान खाली घालून आमटी वाढली.

आणि मग तो दिवस. भावजी एका गाडीचं ऐकत होते, तोवर रस्त्यावरून कुणी हाक मारली म्हणून बाहेर गेले. तिथूनच मी जेवायला बोलावलं. फुली राहून गेली. आमचे हे सवयीने फडकं घेऊन गेले, जिथे काहीच नव्हतं तिथे पुसलं, दुखणं शोधलं आणि फुली मारून मोकळे झाले. तीन वर्षं दुसऱ्याची फुली पुसणाऱ्याला, आज पुसायला फुलीच नाही हे दिसलं नाही.

"किती वर्षं?" भिंतीपलीकडून भावजींचा आवाज आला.

"अरे, तुझ्याच भल्यासाठी..."

"किती वर्षं विचारतोय."

"टॅक्सीपासून."

"तुला कुणी सांगितलं?"

यांनी माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. ते एकाच माणसाला ठाऊक होतं. भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तो रोजचा आग्रह यासाठी होता?"

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मला वाटायचं, स्वयंपाक चांगला झालाय."

एवढं बोलून ते गेले. आरडाओरडा केला असता तर मी रडून मोकळी झाले असते.

घर सोडून ते कुठे गेले नाहीत. पण त्या दिवसापासून ताट स्वतः वाढून घेऊ लागले. मी पळी पुढे केली की ताटावर हात आडवा. महिन्याभराने मी गॅरेजात जाऊन म्हटलं, "भावजी, चुकलं माझं."

"तुम्ही मला बहिरा म्हणाला असतात तर मी कान तपासून घेतले असते. पेचकस ठेवला असता आणि पाना धरला असता. तुम्ही दोघांनी मला तीन वर्षं खोटं खरं म्हणून सांगायला लावलं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून सांगायचो मी, मी ऐकलंय म्हणून."

"आम्ही हसलो नाही हो तुम्हाला."

"हसला असतात तर बरं झालं असतं. कीव केलीत."

त्यानंतर त्यांनी एकही फुली मारली नाही. इंजिनाचं यांनीच बघायचं. भावजींनी आपल्याकडे एकच काम ठेवलं. दुरुस्त झालेली गाडी रस्त्यावर फिरवून बघायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायची. सहा वर्षं ते तेवढंच करत राहिले. भावाशी बोलणं कामापुरतं, माझ्याशी तेवढंही नाही. यांनी दोनदा कानाच्या डॉक्टरचा विषय काढला, तर म्हणाले, "आता काय ऐकायचंय?"

भावजी वारले त्याच्या आदल्या दुपारी एका नर्सबाईंची गाडी पोचवायची होती. नंतर भेटायला आल्या तेव्हा त्यांनीच मला सांगितलं. भावजींनी गाडी फाटकात सरळ लावली, चाकं बघितली, आसनावरचं फडकं काढून घेतलं. बाईंनी विचारलं, "कानसेन, काय झालं होतं हो गाडीला?"

"दादा म्हणतो, पट्टा ताणणारं चाक गेलं होतं. मी ऐकलेलं नाही."

"आता आवाज गेला ना?"

"चालू करतो. तुम्ही ऐका आणि तुम्हीच सांगा."

त्यांनी इंजिन चालू केलं आणि बाजूला उभे राहिले. बाईंनी कान देऊन ऐकलं. "गेला," त्या म्हणाल्या.

"मग गेला," म्हणाले, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि रस्त्याच्या कडेकडेने चालत घरी आले.