न लागलेला चटका

खाणीवर त्यांना नाडीवाले म्हणत. हे नाव ठेवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला, पण नाव मात्र लगेच कायम झालं. नाडीवाले स्वतः कायम व्हायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली.

त्यांचं काम पोकलेनच्या पायाशी होतं. पोकलेन म्हटलं की लोकांना त्याचा लांबलचक हात दिसतो, पुढची बकेट दिसते, वर काचेच्या केबिनमध्ये राजासारखा बसलेला ऑपरेटर दिसतो. पाय कुणी बघत नाही. ते दोन्ही लोखंडी पट्टे, ज्यांना खाणीवर चेन म्हणतात, दिवसभर दगड, पाणी आणि चिखल तुडवत असतात आणि सगळ्यांत आधी तेच झिजतात. शिफ्ट संपवून मशीन मैदानात आलं की नाडीवाले फावडं घेऊन चेनमध्ये अडकलेला चिखल काढायचे, कारण तो रात्रभर राहिला तर सकाळी सिमेंट होतो. मग बकेट जमिनीवर दाबून मशीनची एक बाजू उचलायला सांगायचे आणि चेन किती लोंबते ते बघायचे. ढिली असेल तर ती उतरते, फार ताणलेली असेल तर स्वतःलाच खाते. बोल्ट हातोडीने वाजवून बघायचे.

पण त्यांचं नाव झालं ते रोलरमुळे. चेनच्या आत, खालच्या बाजूला, ही जाड लोखंडी चाकं ओळीने बसवलेली असतात आणि सगळ्या मशीनचं वजन त्यांच्यावर येतं. त्यांच्या पोटात तेल असतं. सील फुटलं की तेल गळतं, रोलर कोरडा फिरतो, तापतो, आणि मग एक दिवस फिरायचंच सोडून देतो. तापलेला रोलर दिसायला मात्र गार रोलरसारखाच सभ्य असतो. म्हणून मशीन आल्या आल्या, गार व्हायच्या आत, वैद्याने नाडी बघावी तसा एकेका रोलरला उलट्या हाताने स्पर्श करायचा. बाकी सगळे कोमट आणि एक चटका देणारा निघाला, तर तो आजारी. डाव्या चेनला डावा हात, उजव्या चेनला उजवा, ही त्यांची पद्धत. सगळं ठीक असलं की केबिनच्या दाराखाली खडूची रेघ. रेघ दिसली की पुढच्या शिफ्टचा ऑपरेटर वर चढायचा. कुणाला काही विचारायचा नाही.

आधी त्यांचे पाय गेले. म्हणजे होते जागेवरच, पण कळवायचे नाहीत. एकदा ते घरी आले तर एकाच पायात चप्पल. "दुसरी कुणाला दिलीत?" असं बायकोने विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. मग बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, साखर. बायको म्हणाली, डिझेल. जन्मभर त्यातच हात धुतलेत. ते स्वतः म्हणाले, वय. तिघांचंही बरोबर असावं. उपयोग तिघांचाही नव्हता.

खाणीवर त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. राहत्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या होत्या, नोकरी हातामुळे मिळालेली होती, आणि हात आता नावापुरता होता. ते तेलाचे डाग शोधायला लागले. रोलर कुरकुरतो का ते ऐकायला लागले. कुणी बघत नसलं तर ओलं फडकं फिरवून वाफ येते का ते बघायचे. आणि तरी शेवटी उलटा हात लावायचेच, कारण लोकांना ते बघायची सवय होती. असं बरेच महिने निभावलं, आणि निभावतंय म्हटल्यावर माणूस त्यालाच कौशल्य समजायला लागतो.

त्या दिवशी चिखल फार होता. डाग काही दिसले नाहीत, आणि आसपास माणसं असल्याने फडकं खिशातच राहिलं. त्यांनी दोन्ही बाजूंना हात लावला, रेघ ओढली आणि ते घरी आले. दारातच मेहुणा भेटला. बायकोचा हा धाकटा भाऊ त्यांनीच खाणीवर चिकटवलेला. आता ऑपरेटर होता, एकटा राहायचा आणि संध्याकाळच्या शिफ्टला जाताना बहिणीकडून डबा घेऊन जायचा.

"काय दाजी, माझी म्हातारी कशी आहे?"

"ठणठणीत. तुझ्यापेक्षा बरी."

"आज वरच्या टप्प्यावर न्यायचीय तिला. चढ चढेल ना?"

"ती चढेल. तू झोपू नकोस म्हणजे झालं."

तो हसत गेला. नाडीवाले आत येऊन बसले. बायकोने चहाचा ग्लास पुढे केला आणि तो तसाच हातात धरून थांबली.

"हे काय झालंय?"

"कुठे?"

"हाताला."

त्यांनी हात फिरवून बघितला. तीन बोटांच्या पाठीवर टरारून फोड आले होते. दुसऱ्या कुणाच्या हातावरचे बघावेत तसे ते बघत राहिले.

"ग्लास लागला असेल."

"ग्लास माझ्या हातात आहे."

"मग सायलेन्सर लागला असेल."

"सायलेन्सर वर असतो, तुम्ही खाली असता. इतकी वर्षं ऐकून पोकलेन मलाही पाठ झालंय." तिने ग्लास खाली ठेवला. "हा उजवा हात. म्हणजे उजवी चेन. रेघ ओढलीत?"

"ओढली."

बाहेर, मैदानाच्या बाजूला, मशीन चालू झाल्याचा आवाज आला.

"फार तर काय होईल," ते म्हणाले, "रोलर बसेल. एक रोलर बसला म्हणून काही..."

"चढावर बसला तर?"

याचं उत्तर त्यांनीच तिला अनेकदा सांगितलेलं होतं. अडकलेला रोलर चेनला धरतो आणि चढावर, वळताना, चेन उतरू शकते. मग त्या बाजूचा ब्रेक दाबूनही उपयोग नाही, धरायला काही उरतच नाही. वरच्या टप्प्याच्या रस्त्याला एका बाजूला दगडाची भिंत होती. दुसऱ्या बाजूला काही नव्हतं.

"जाऊन सांगा त्याला."

"काय सांगू? मला कळलं नाही म्हणून?"

"काहीही सांगा. पण जा."

"आणि या खोल्या?"

"खोल्यांचं मला विचारू नका. भाऊ माझा आहे." मग ती म्हणाली, "माहीत तर मलाही होतंच. मी तरी कुठे बोलले त्याला?"

ते निघाले. पळायचा त्यांनी प्रयत्न केला, पण पाय जमिनीला टेकलाय का हे दर वेळी खाली बघून ठरवावं लागत असेल तर पळणं जमत नाही. मशीन चढाच्या तोंडाशी पोचलं होतं. नाडीवाले दोन्ही हात वर करून त्याच्या समोर उभे राहिले.

"दाजी! मरायचंय का?"

"खाली ये. उजवी चेन परत बघायचीय."

"आत्ता तर पास केलीत!"

"शंका आली."

"शंका? तुम्हाला?" मेहुणा केबिनमधूनच ओरडला. "ओ फोरमनसाहेब, इकडे या! नाडीवाल्यांना शंका आलीय, पेढे वाटा!"

फोरमन आला. नको तिथे हजर असण्याची त्याला देणगी होती. "काय थांबलंय?"

"एक रोलर बघतो, साहेब."

"बघा मग. लवकर."

आता फडकं काढणं शक्य नव्हतं. नाडीवाले चेनपाशी बसले आणि पुढून सुरुवात केली. हात लावायचे, थोडं थांबायचे, मान हलवायचे, पुढे सरकायचे. मेहुणा खाली उतरून त्यांच्या शेजारी येऊन बसला, आधी चेष्टेखातर. मग त्याचं लक्ष एका रोलरकडे गेलं. बाकी सगळ्यांवरचा चिखल ओला होता, त्या एकावरचा वाळून पांढरा पडला होता. त्याने बोट लावलं आणि आईच्या नावाने ओरडून मागे घेतलं.

त्याच रोलरवर नाडीवाल्यांचा हात होता. अजून होता. ते मान हलवून पुढे सरकायच्या बेतात होते.

मेहुण्याने मनगट धरून तो हात ओढून काढला.

कोणतीही गोष्ट उशिरा कळण्याबद्दल फोरमनची ख्याती होती. ही त्याला ताबडतोब कळली. तो ऑफिसकडे चालू लागला.

"कधीपासून?" मेहुण्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"कळत नाही कधीपासून, दाजी?"

"नक्की नाही सांगता येणार."

हे खरं होतं. असल्या गोष्टी तारीख सांगून येत नाहीत. मेहुणा वर जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिला. त्या रेघेवर विसंबून तो तिथून किती वेळा चढला आणि किती वेळा उतरला, याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता.

"ताईला माहीत होतं?"

"तिनेच पाठवलं मला."

"ते नाही विचारलं मी."

मेहुण्याने केबिनमधून डबा काढला, तो नाडीवाल्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवला आणि चालत निघून गेला.

रोलर उघडला तेव्हा आत तेलाचा थेंब नव्हता. नाडीवाल्यांना चांगल्या शब्दांत काढण्यात आलं. छोटा समारंभ झाला आणि त्यात मालकांच्या माणसाने, त्यांच्या हाताची उणीव कायम भासेल, असं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात ऑफिसने पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. ते रोलरवर रोखलं की लांबूनच ताप दाखवतं. ते आधी का आणलं नाही, असं कुणी विचारलं नाही. नाडीवाले असताना त्याची गरज नव्हती, हे उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं आणि त्यात त्यांची स्तुतीच होती.

खोल्या महिनाअखेर सोडायच्या होत्या. तोवर मेहुणा फिरकला नाही. बायको रोज दुपारी डबा भरायची आणि रोज रात्री रिकामा करायची. निघायच्या दिवशी मात्र तो टेम्पो घेऊन आला, कारण लोखंडी कपाट उचलायला दुसरं कुणी नव्हतं. बहिणीने पाणी दिलं, ते त्याने तिच्याकडे न बघता प्यायलं. मग कपाटाची एक बाजू त्याने धरली, दुसरी नाडीवाल्यांनी. "उचला," "थोडं डावीकडे," "आता वाकवा," एवढंच तो बोलत होता, आणि तेही कपाटाला सांगितल्यासारखं.

दारात कपाट अडकलं. नाडीवाल्यांनी जोर लावला, ते हललं नाही. पुन्हा लावला.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "हात."

त्यांनी खाली बघितलं. कपाट आणि चौकट यांच्या मध्ये त्यांची चार बोटं होती. मेहुण्याने आपली बाजू खाली टेकवली, मागच्या दाराने वळसा घालून आला, खांद्याने कपाट मागे रेटलं आणि ती बोटं एकेक करून बाहेर काढली. बायको पुढे आली तशी त्याने तिला मानेनेच थांबवलं. मग तो आपल्या जागी गेला.

"वरून धरा," तो म्हणाला. "आणि हाताकडे बघत राहा."