पत्रानंतरची तीन मिनिटं

इथे आखातात, मंगफला आमच्या बिल्डिंगमध्ये ‘पत्र’ म्हटलं की कंपनीचंच पत्र आठवतं, घरी पाठवणारं. त्यामुळे हे एकदा जेवताना म्हणाले, “या शुक्रवारी पत्रानंतर माझं आहे,” तेव्हा माझा घास तसाच राहिला.

“अहो, काढलं की काय तुम्हाला?”

“अगं वेडे, चर्चमधल्या मिस्सेतलं पत्र! बायबलमधलं, पौलाचं. ते वाचून झालं की शुभवर्तमानाच्या आधी मी व्हायोलिन वाजवणार. पूर्वी युरोपात खास त्या जागेसाठी वाद्यांवर वाजवायच्या रचना, सोनाटे लिहायचे. तीनच मिनिटांचे.”

वसईच्या चर्चमध्ये लहानपणी शिकलेला हा माणूस. इथे आयुष्यभर पंप दुरुस्त केले, पण व्हायोलिन सोडलं नाही. आता वर्षभर उजवा हात थरथरत होता, म्हणजे व्हायोलिनचा गज धरायचाच हात. एकदा, फक्त एकदा, त्यातलाच एक सोनाटा लोकांसमोर पुरा वाजवायचा, एवढंच त्यांच्या मनात होतं. गोळी घेतली की तासाभराने हात शांत व्हायचा, तोही थोडाच वेळ. कीबोर्डला आमच्याच गावची एक नर्स होती. तिनेच हिशोब बसवला, “अंकल, मिस्सा नऊला. पत्र साधारण सव्वानऊला. गोळी सव्वाआठला घ्या.”

घेतली. पण इथे एकाच चर्चमध्ये किती भाषांच्या मिस्सा, एकीमागून एक! आमची मराठी महिन्यातून एकदाच. त्या दिवशी आधीच्या लोकांचा सण होता, त्यांची मिस्सा लांबली. आम्ही बाहेर उन्हात उभे. हे घड्याळाकडे बघतायत, मी त्यांच्या हाताकडे.

“आँटी, अजून एक गोळी देऊ नका हं,” नर्स कानात म्हणाली. माझी पर्स उघडलेलीच होती.

पत्र वाचून झालं तेव्हा दहा वाजत आले होते. सुरुवात, काय सांगू, अशी गोड झाली! मग मिनिटभरात गज तारेवर उड्या मारायला लागला. त्यांनी तो उचलला. हात जरा थांबला की पुढे धरू, असं असणार मनात.

पण आमच्या लोकांना सवय, शांतता झाली की शुभवर्तमानाआधीच्या आलेलुया गाण्याला उभं राहायचं. अख्खं चर्च उभं राहिलं. गायकांनी सूर लावला, फादरनी पुस्तक उचललं. नर्सची बोटं कीबोर्डवर तशीच. हे तेवढे बसलेले, गज मांडीवर.

बाहेर आल्यावर सगळे हात मिळवत होते. “अंकल, छोटंसंच, पण काय सुंदर!” हे म्हणत होते, “थँक्यू, थँक्यू.”

गाडीत मी म्हटलं, “कोणाला कळलंसुद्धा नाही हो.”

“हो ना,” हे म्हणाले. “कोणालाच नाही.”

त्यानंतर ह्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नाही. महिन्याने मिस्सेला गेलो, पत्र वाचून झालं आणि सगळे लगेच उभे राहिले. हे पुढच्या बाकाला धरून उठले, सगळ्यांच्या नंतर.