समुद्राकडची सोयरीक

कुशाबातात्यांची म्हैस जितक्या वेळा हरवली तितक्या वेळा अख्ख्या पोलादपूर तालुक्यात कुणाची हरवली नसेल. ती बिचारी गोठ्यात रवंथ करत बसलेली असायची आणि तात्या तिच्या शोधात आंबेनळीचा घाट चढून पार महाबळेश्वरच्या अंगाला पोचलेले असायचे. संध्याकाळी उतरून आले की वाडीतलं कुणीतरी हमखास विचारी,

"गावली काय, तात्या?"

"गावली. घराकडंच व्हती."

विचारणारा हसायचा नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, पण निमित्त सांगितलं म्हणजे झालं. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडतो तो बाजाराला, कोर्टाला, लग्नाला, मयताला, नाहीतर पोटासाठी मुंबईला. नुसतं बघायला म्हणून बाहेर पडणाऱ्याला एकतर वेड लागलेलं असतं, नाहीतर त्याची बायको भांडकुदळ असते. तात्या चांगले शहाणे होते, आणि राहीकाकूंचा आवाज आमच्या पडवीपर्यंतसुद्धा येत नसे. तेव्हा निमित्तं शोधणं आलंच. पुतणीला स्थळ बघतो म्हणून नाते गावाला जायचे आणि रायगड चढून यायचे. पुतणी तशीच राहायची. सांधे धरलेत म्हणून सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात डुंबून यायचे. सांधे धरलेला माणूस एवढं चालला कसा, हे विचारायचं नसे. मिठाचा भाव काढायला म्हणून दासगाव बंदरावर जायचे आणि लाँचमध्ये बसून थेट बाणकोटपर्यंत, सावित्री जिथं समुद्राला मिळते तिथवर. मीठ मात्र येताना महाडच्या दुकानातून.

शिमग्याला गिरणीतला पांडू मुंबईहून आला तेव्हा त्याने तात्यांना सांगितलं, "मुंबईत ह्याला पिकनिक बोलतात, तात्या. डबे घेऊन जातात, खातात, लोळतात नि परत येतात."

"म्हैस हरवायला लागत नाय?"

"छ्या!"

"आन् बायका?"

"बायका तर पुढं असतात."

बायकांची चौकशी तात्यांनी उगाच केली नव्हती.

रोज संध्याकाळी काकू भाकऱ्या थापायच्या आणि तात्या चुलीपाशी बसून काय काय पाहिलं ते सांगायचे. गडाचं, घाटाचं काकू अर्ध्या कानाने ऐकत. त्या घाटाच्या वरच्या अंगाच्या. डोक्यावर मोळ्या घेऊन त्यांनी जे डोंगर तुडवले त्यांचं कौतुक त्यांना काय असणार! पण समुद्राचं नाव निघालं की तव्यावरची भाकरी करपायची.

"पल्याडच्या बाजूला काय दिसतं?"

"काय नाय."

"काय नाय म्हंजे? डोंगूर तरी असंल की."

"डोंगूर बी नाय. पानी सरतं नि आभाळ लागतं."

ज्या जागेला पलीकडून डोंगराचा कठडा नाही अशी जागा काकूंच्या डोक्यातच बसेना. शेवटी एकदा त्या म्हणाल्या, "अवो, तेवढं येक मला दावा. दुसरं काय मागायची नाय कंदी."

तात्यांनी हिय्या करून थोरल्या भावाला विचारलं. घर एकत्र, कारभार सोनबांचा. सोनबा पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाणकोटला आपलं कोण हाय?"

"कोण नाय."

"मंग बाईमाणसाला घेऊन कुनाकडं निगालास? लोक म्हनतील, बाईला बाहेरचं लागलंय, म्हनून देवऋष्याकडं नेतोय. घरात लग्नाच्या पोरी हायत, कुशा."

तात्या परत आले. पण सोनबांचा पहिला प्रश्न त्यांच्या डोक्यात रुतून बसला. बाणकोटला आपलं कोण आहे? कोणी नाही. आणि असलं तर?

लग्नाच्या पोरींत तात्यांची स्वतःची लेक आवडीही होती. तिच्यासाठी नाते गावचं स्थळ सोनबांनी जवळजवळ नक्की केलं होतं. जमीन बरी, मुलगा थोडा बुटका पण हसतमुख. जन्मात भावापुढे तोंड न उघडलेला हा माणूस त्या दिवशी अडून बसला. बाणकोटाच्या पुढे, ऐन समुद्राच्या काठच्या एका वाडीत नारळीची बाग असलेलं घर त्यांनी हेरून ठेवलं होतं. पोरगी तिथंच द्यायची. सोनबांना त्यांनी नारळ मोजून दाखवले. खरं कारण दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक भाकऱ्या थापत होती. तिचं मन एकदा कचरलंही. पण मग म्हणाली, "पोरीला बी रोज समिंदर बघाया मिळंल. आपल्यासारकं नाय."

आवडी दासगावहून लाँचमध्ये बसून सासरी गेली.

आता आमच्यात लेकीला मूल होईतो आई तिच्या सासरचा उंबरा चढत नाही, तिथलं पाणी पीत नाही. हे काकूंना काय ठाऊक नव्हतं? पण लग्न झालं की वर्षाच्या आत पाळणा हलतो, हा हिशोब त्यांनी आमच्या वाडीवरून केलेला. त्यांनी बाळासाठी कुंची शिवली. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. त्या वाकळीच्या काठाला निळ्या चिंध्या लावल्या होत्या. सोनबांच्या बायकोने विचारलं तेव्हा म्हणाल्या, निळ्या जास्त उरल्या होत्या.

दर गौरीला आवडी माहेरी यायची. काकू आधी तिच्या पोटाकडे बघत, मग तोंडाकडे. मग दोघी मागच्या दारी बसत आणि आवडी समुद्राचं सांगायची. सकाळी कसा असतो, भरतीला कसा फुगतो, मावळतीला कसा लाल होतो. काकू ऐकत राहायच्या. जाताना म्हणायच्या, "पुढल्या सालाला येनारच हाय मी."

पुढचं साल आलं आणि गेलं. त्याच्या पुढचंही. आवडी सांगायची तो समुद्र दरसाल मोठा होत गेला आणि आवडी वाळत गेली. काकूंना दमा लागला. तात्यांची म्हैस हरवायची कमी झाली.

मग एका उन्हाळ्यात मिठाच्या मचव्यावरच्या माणसाबरोबर व्याह्यांचा सांगावा आला. जावयाने दुसरी केली होती. आवडीला न्यायला या.

सोनबा म्हणाले, "तू येकलाच जा, कुशा. गाजावाजा नको."

काकूंनी लुगडं बदललं आणि पडवीत येऊन उभ्या राहिल्या. भासऱ्यांसमोर त्या कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "मी बी जानार. आता कुनाचं पानी वर्ज करायचं?"

सोनबांनी अडवलं नाही. निमित्त त्यांनाही पटलं असावं.

लाँचमध्ये काकू डोक्यावर पदर ओढून खाली बघत बसल्या. खाडी रुंद होत गेली, काठचे डोंगर बुटके होत गेले. तात्यांना सवय, त्यांचं बोट एकदा उचललं गेलं, "त्ये बघ..."

"गप बसा," काकू म्हणाल्या.

आवडी बाहेर ओट्यावर ट्रंक घेऊन बसलेली होती. आत नवी सून होती, म्हणून कुणी 'या' म्हटलं नाही. तिघं बंदरावर परत आली. लाँच सुटायला अवकाश होता. तात्या ट्रंकेवर बसून राहिले. आवडीच आईला म्हणाली, "चल गो आये. आलीयेस तर बघून घे."

पुढचं आवडीने नंतर कधीतरी आमच्या आईला सांगितलं. दोघी चालत सुरूच्या झाडांपलीकडे वाळूत गेल्या. भरती होती. काकू उभ्याच राहिल्या. दम लागलेला, छाती वरखाली होत होती. मग त्यांनी विचारलं,

"तू रोज कुटं बसायचीस गो? मला ती जागा दाव."

आवडी इकडे तिकडे बघू लागली. आणि तिला दाखवता येईना.

"कुटं बसायचीस?"

"आये, मी कंदी आले नाय हितं."

"आन् मंग सांगायचीस ते?"

"बागेतून आवाज यायचा. लाँचमदून येता-जाता दिसायचा तेवढा. सासूनं इकडं सोडलंच नाय कंदी. म्हनायची, तिकडं काय काम हाय तुजं?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग त्या वाळूत बसल्या आणि तिला हात धरून शेजारी बसवलं. लाँचचा भोंगा झाला. तात्या बंदरावरून हाका मारत होते. भोंगा दुसऱ्यांदा झाला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.