एक पायरी खाली

नवा संगणक हाती आला की माणसं तो किती पळतो ते बघतात. जयवंतदादा आधी त्याला हळू करायचे. वालीवला प्लॅस्टिकचे साचे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइनचं काम करते, आणि तिथले सगळे संगणक त्यांच्या ताब्यात. मी नवीन होते तेव्हा माझा संगणक सारखा बंद पडायचा, म्हणून त्यांना बोलावलं. आले, चपला दाराशी काढल्या, सेटिंगमध्ये शिरले आणि रॅमचा वेग उतरवून मोकळे झाले. मी म्हटलं, दादा, दुरुस्तीला बोलावलं तर तुम्ही बैलगाडी करून ठेवलीत. मान वर न करता ते म्हणाले, "आधी कोन खोटं बोलतंय ते कळू दे. मग पळवू."

संगणक ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं हा त्यांचा शौक. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला बुलबुल पाळायचा, यांना हा. खाडीकाठच्या गावात त्यांचं घर, पुढे भातशेती, आणि मागच्या खोलीत एका बाजूने उघडा ठेवलेला संगणकाचा डबा. त्याच्यावर रोखलेला टेबलफॅन घरातल्या माणसांना कधी मिळायचा नाही. गणपतीची नसेल इतकी बडदास्त त्या डब्याची, असं वहिनी म्हणायच्या.

त्यांचा नियम त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की झोपेतही म्हणून दाखवीन. संगणकाचा एक मूळ ठोका असतो. प्रोसेसर त्याच्या काही पट पळतो, रॅमही आपल्या पटीने पळते. ठोका वाढवला की दोघांचाही वेग वाढतो, पण एकाला झेपलं म्हणून दुसऱ्याला झेपतंच असं नाही. म्हणून ठोक्याला हात लावण्याआधी रॅमचा पट एक पायरी खाली आणायचा. प्रोसेसर कुठवर जातो ते बघायचं, त्याला तिथे बांधायचं आणि मग रॅमला जपून वर न्यायचं. प्रत्येक पायरीवर रॅमची पुरती तपासणी, मग तिला कितीही वेळ लागो. कारण चालू काम रॅममध्येच ठेवलेलं असतं, आणि ती चुकली तर बोंब मारत नाही. काम चालू राहतं आणि आतलं काहीतरी गुपचूप बदलून जातं. "चालतंय म्हंजे बरोबर हाय असं नाय," हे त्यांचं पालुपद.

ही अक्कल त्यांना आईकडून आली होती. त्यांची आई धवलारीण. गावातल्या लग्नांत धवले गायला तिला बोलावणं यायचं. ती पुढे गाणार आणि मागच्या बाया तिची ओळ उचलणार. म्होरचीनं घाई केली का मागच्या बाया शब्द गिळतात, असं ती सांगायची. "आवाज येतोच," दादा तिची नक्कल करत म्हणायचे, "पन त्यात गानं नसतं."

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या दोघांनी रडारड केली नाही. ऑपरेशनच्या आधी ती ओटीवर बसून आठवतील तेवढे धवले गायली आणि दादांनी ते एका छोट्या रेकॉर्डरवर घेतले. मागच्या बायांना फक्त आपापल्या ओळी ठाऊक. सगळं गाणं एकट्या तिच्याकडे होतं. ऑपरेशननंतर तिच्या गळ्याशी श्वासाचं भोक राहिलं आणि आवाज गेला. तिला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे हात आणि डोळे एवढंच बोलणं उरलं.

दुखणं पसरतंय हे कळल्यावर दादांनी मुलीचं लग्न अलीकडे घेतलं, आजीच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून. आईने एकच गोष्ट खुणेने मागितली: नातीच्या हळदीला माझाच आवाज. पण रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर होती, कावळे होते. ते साफ करायला एकेका गाण्यामागे फार वेळ जात होता आणि हळद तोंडावर आलेली. मला मदतीला बोलावलं होतं. माझ्यादेखत दादांनी ठोका वाढवला. रॅमचा पट खाली आणला तर साफसफाई रेंगाळत होती, म्हणून तो तसाच ठेवला. तपासणीला तर वेळच नव्हता. मी विचारलं, दादा, एक पायरी खाली नाही आणायची?

"चाललंय ना," ते म्हणाले. "हळद होऊन जाऊ दे."

सगळी गाणी साफ होऊन संगणकात उतरली. रेकॉर्डरचं कार्ड मूळ आवाजासकट लग्नाच्या रेकॉर्डिंगसाठी पुसून मोकळं केलं गेलं.

हळदीला पहिलं गाणं नीट वाजलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले, आई खुर्चीत बसून मांडीवर ताल धरत होती. दुसऱ्या गाण्यात कडकड सुरू झाली आणि मधली एक अख्खी ओळ गेली. त्यापुढची काही गाणी उघडलीच नाहीत. दादांनी वायर हलवली, स्पीकरवाल्यावर खेकसले. आईचा हात मांडीवर थांबला होता. कुणीतरी फोनवर सिनेमातली गाणी लावली.

पाहुणे गेल्यावर त्यांनी रॅमची तपासणी लावली. पडदा चुकांच्या लाल ओळींनी भरत गेला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चालत होतं गो." त्या माणसाची इतकी दया मला पुन्हा कधी आली नाही, आणि रागही.

नंतर ते रोज आईसमोर बसत. गाणं लावत, ते तुटलं की थांबवत, आणि ती हरवलेले शब्द नुसत्या ओठांनी म्हणे. दादा तिच्या तोंडाकडे बघत शब्द ओळखायचे. बरोबर आला की ती मान हलवी, चुकला की पुन्हा ओठ हलवी. पुष्कळदा थकून डोळे मिटून घेई. काही ओळी अशा मिळाल्या, काही शेवटपर्यंत कळल्या नाहीत. पावसाळा सरता सरता ती गेली. त्या दिवशी सकाळीही एका ओळीवर दोघं अडली होती, असं वहिनींनी मला सांगितलं.

दादा अजून कारखान्यात आहेत. संगणक दुरुस्त करतात, पण पळवत कुणालाच नाहीत. घरचा डबा कंपनीने दिलेल्या वेगावर चालतो आणि टेबलफॅन वहिनींना मिळाला आहे. उरलेली गाणी गावात कुणाच्या हळदीला वाजवायला नेतात. आवाज जोडायचं थोडंफार काम मला येतं. मी एकदा म्हटलं, मधली ती कडकड आणि शांतता कापून देते, पुढची ओळ मागच्या ओळीला लागून येईल, कुणाला कळणार पण नाही.

"नको," ते म्हणाले. "तो खड्डा माजा हाय. बुजवू नको."

परवा एका मांडवात ते गाणं पुन्हा ऐकलं. ओळ तुटली तशा मागून म्हणणाऱ्या बाया गप्प झाल्या. आता त्यांनाही ती जागा पाठ झाली आहे. दादा स्पीकरशेजारी मान खाली घालून उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. कोणता शब्द ते मला ओळखता आलं नाही.